जाळीचं दुसरं टोक

"नऊ हजार एकशेचाळीस!" मी डिस्प्लेवरचा आकडा मोठ्यानं वाचला, आणि वाचून होईपर्यंत टर्बाइन बंद पडलं. वाफेची झडप खाडकन बसली. एवढ्या मोठ्या शेडमध्ये नुसता बॉयलरच्या पंख्याचा घोंघाट उरला. सकाळपासूनची ही तिसरी वेळ होती.

बापूलालमामा बेअरिंगच्या अंगावर तळहात ठेवून उभे होते. त्यांनी तो काढला नाही.

"नऊ हजार कुठलं, पोरी? पाचशेच्या वर गेलं न्हाई ह्ये. माझा हात सांगतोय की."

"मामा, तुमचा हात बरोबर आहे. माझा बोर्ड खोटं बोलतोय."

हे कबूल करताना माझ्या जिवावर आलं होतं. वेग मोजणारा तो इलेक्ट्रॉनिक बोर्ड मी पुण्यात सात महिने खपून बनवला होता. आमची कंपनी म्हणजे दोन खोल्या आणि चार माणसं, पण मिजास अशी की अख्ख्या महाराष्ट्रातली टर्बाइनं आमचीच वाट बघत थांबलीत. मी पंचवीस वर्षांची होते. कृष्णाकाठच्या त्या साखर कारखान्यात सगळे मला 'मॅडम' म्हणायचे. एकटे बापूलाल नदाफ 'पोरी' म्हणायचे. ते तिथले सगळ्यात जुने वायरमन, आणि ते मॅडम म्हणत नाहीत याचा मला सुरुवातीला रागच आला होता.

काम तसं सांगायला सोपं होतं. टर्बाइनच्या शाफ्टवर साठ दातांचं एक चाक. त्याच्यासमोर पोस्टकार्डाएवढी फट सोडून बसवलेला बोटभर लांबीचा सेन्सर. सेन्सरच्या आत लोहचुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. एकेक दात समोरून गेला की वेटोळ्यात विजेची एकेक लाट उठते. माझ्या बोर्डानं त्या लाटा स्वच्छ करून मायक्रोकंट्रोलरला द्यायच्या, त्यानं त्या मोजून वेग काढायचा, आणि वेग हाताबाहेर गेला तर वाफ तोडायची. चाक जोरात फिरत असलं की लाट चांगली दांडगी येते. सावकाश फिरत असलं की इतकी अशक्त, की आसपासच्या मोटारींची गडबड तिच्यात सहज मिसळते आणि मोजणारा फसतो. टर्बाइन सुरू करताना ते आधी तासभर सावकाश फिरवून तापवावं लागतं. नेमका तेव्हाच माझा बोर्ड फसत होता.

चीफ इंजिनिअर शिंगटे साहेब हातातला रुमाल घडी करत आले.

"परवा मोळीपूजन आहे, मॅडम. चेअरमनसाहेब उसाची पहिली मोळी टाकणार, त्या वेळी हे फिरत असलं पाहिजे. उद्या दुपारपर्यंत थांबतो. नाही जमलं तर तुमचा डबा उतरवून वेग सांभाळणारा जुना गव्हर्नर चढवतो."

"जमेल, साहेब."

"आणि हे कुणामुळे झालं ते मला लेखी पाहिजे. दसऱ्याच्या आधी चाललेली वस्तू दसऱ्यानंतर आपोआप बिघडत नाही. ज्याचं नाव निघेल त्याला मेमो." मग मामांकडे बघून त्यांचा आवाज जरा उतरला. "बापूलाल, तुम्ही नसत्या भानगडीत हात घालू नका. अठरा दिवसांनी निवृत्त होताय. छत्तीस वर्षांत एक मेमो नाही तुमच्या नावावर. तसेच कोरे जा."

तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला.

भोंगा झाला की सगळा कारखाना डबे उघडून बसायचा. मामांचं मात्र उलटं. ते टेस्ट लॅम्प आणि छोटा मीटर घेऊन फेरीला निघायचे. प्रत्येक पंप, प्रत्येक मोटार, प्रत्येक पॅनेल. गळकी वीज जमिनीत सोडणारी अर्थिंगची पट्टी अंगाला आहे का, घट्ट आहे का, गंज तर नाही चढला. पिठाच्या गिरणीएवढी मोटार असो नाहीतर साधा टेबलफॅन, त्यांच्या हिशेबी सगळे सारखे. पोरं त्यांना मागून 'अर्थिंगबाबा' म्हणायची. मीही एकदोनदा हसले होते.

"मामा, जेवत कधी तुम्ही?"

"घरला गेल्यावर. हितं घास उतरत न्हाई," एवढं बोलून ते पुढच्या मोटारीपाशी गेले.

त्या दुपारी मी बोर्डाचं सगळं काही करून पाहिलं. कपॅसिटर बदलले, रेझिस्टर बदलले, प्रोग्रॅम तीनदा वाचला. दसऱ्याच्या आधी पाच दिवस हाच बोर्ड शहाण्यासारखा चालला होता. मग मी सणाला पुण्याला गेले, चार दिवसांनी परत आले, तर यानं रंग बदललेला. संध्याकाळी गेस्ट हाउसवर मला रडू आलं. कंपनीच्या मालकांनी फोनवर सांगितलं होतं, हा एक कारखाना गेला तर आपण दोन खोल्यांची एक खोली करू. ती एक खोली माझ्याशिवायची असणार हे सांगायची त्यांना गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहाणपणा केला, जो आदल्या दिवशीच करायला हवा होता. पॅनेलमधून सेन्सरची केबल सोडवली, बोर्डाच्या तोंडाशी लहानसा तारेचा तुकडा जोडला आणि विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला. पडद्यावर सरळ रेघ. केबल परत लावली, तर टर्बाइन जागचं हललेलंही नसताना पडद्यावर नुसता दंगा. म्हणजे बोर्ड निर्दोष होता आणि घाण केबलवाटे येत होती. मी पॅनेलपासून निघाले आणि केबलचा हात धरून चालत चालत टर्बाइनपाशी पोचले.

त्या केबलमध्ये दोन तारा एकमेकींना पिळलेल्या असतात आणि त्यांच्यावर तांब्याची बारीक जाळी असते. बाहेरची गडबड त्या जाळीनं अंगावर घ्यायची आणि जमिनीत सोडायची. पण जाळी एकाच टोकाला अर्थ करायची, पॅनेलच्या बाजूला. दोन्ही टोकांना केली की दोन ठिकाणच्या जमिनींत जो किंचित फरक असतो त्यामुळे जाळीतूनच प्रवाह वाहायला लागतो, आणि राखण करणारीच गोंधळ घालते. म्हणून सेन्सरकडचं टोक मी मुद्दाम कापून, वर काळी टेप गुंडाळून मोकळं सोडलं होतं.

आता तिथे काळी टेप नव्हती. जाळी हळुवार मोकळी करून, पिळून, तिला हिरवी वायर जोडली होती. वायरच्या टोकाला लग, म्हणजे बोल्टाखाली धरायचा चपटा तुकडा, इतका नीट दाबलेला की पुस्तकात छापावा. सेन्सर धरणाऱ्या ब्रॅकेटवरचा रंग रुपयाएवढा खरवडून, खाली दातेरी वॉशर घालून तो लग बोल्टनं आवळला होता. आणि बोल्टच्या डोक्यावर वाळलेल्या हळदी-कुंकवाचं बोट.

खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यातलं प्रत्येक यंत्र धुऊन-पुसून उभं करतात, सुटलेलं आवळतात, तुटलेलं जोडतात, आणि मगच पूजा. टर्बाइनला हळद-कुंकू लावायचा मान सगळ्यात जुन्या माणसाचा, म्हणजे मामांचा. आणि मग मला आठवलं. पुण्याला निघायच्या घाईत मी बॅग भरत होते तेव्हा मामांनी विचारलं होतं, "पोरी, ही जाळी हितं अशी मोकळीच सोडलीस व्हय?" आणि मी मान वर न करता म्हणाले होते, "ते तसंच असतं, मामा. डिझाइन आहे ते. तुम्हाला नाही कळायचं."

मी पाना काढला आणि बोल्टला लावला.

"सोडू नगंस!"

मागून माझं मनगट कुणीतरी इतकं घट्ट धरलं की पाना खाली पडला. मामा होते. मी त्यांचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता. चेहरा पांढरा पडला होता.

"मामा, यामुळेच टर्बाइन बंद पडतंय."

"पडू दे बंद! अर्थिंग सुटं ठिवायचं न्हाई. माझ्या डोळ्यांदेखत न्हाई."

मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी. त्यांनी माझं मनगट सोडलं, खाली वाकून पाना उचलला, तो पुसला, आणि टर्बाइनच्या पायरीवर बसले. मीही शेजारी बसले.

"माझा भाऊ हुता धाकटा. दस्तगीर," ते म्हणाले. "मिलच्या बाजूला कामाला. अठ्ठावीस वर्सं झाली. रसाच्या पंपाची अर्थिंगची पट्टी गंजली हुती. नवी बसवायची म्हणून मी जुनी सोडवली. तेवढ्यात भोंगा झाला. म्हटलं, जेवून यिऊन जोडतो. पंप चालूच हुता."

त्यांनी पाना या हातातून त्या हातात घेतला.

"शाळूची भाकरी हुती. अर्धी खाल्ली हुती मी. तवर ह्यो पाण्याचा पाइप घिऊन तितली जमीन धुवायला लागला. अनवाणी. पंपाला हात लागला."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"त्येला उचलून नेलं, आन मी पट्टी जोडली. कुणी बघितलं न्हाई. चौकशीला साहेब आलं. म्हणालं, अर्थिंग हुतं का? म्हटलं, हुतं." मामांनी पाना खाली ठेवला. "त्येनी लिवलं, कामगार बूट न घालता वल्यात उभा ऱ्हायला, त्येचा निष्काळजीपणा. जैतून, त्येची बायको, आमच्या शेजारीच ऱ्हाती. अजून पोरांना म्हणती, बापासारखं धांदरट हू नगासा. आन मी ऐकत बसतो."

बॉयलरचा पंखा घुमत होता. मला आदल्या दिवसापर्यंत हा माणूस विनोदी वाटत होता, हे आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा, तुमचा मीटर द्या," मी शेवटी म्हणाले. "मला नका विचारू. स्वतःच तपासा."

मी बोल्ट त्यांच्याच हातानं ढिला करवला, आणि हिरवी वायर लगसकट चिमट्यानं वर धरायला सांगितली. जाळी मोकळी झाली तशी त्यांची बोटं आखडली. मीटरचं एक टोक मी त्यांना जाळीवर टेकवायला लावलं, दुसरं टर्बाइनच्या पायाशी असलेल्या अर्थिंगच्या जाड पट्टीवर. मीटर वाजला, म्हणजे दोन्हींत जोड होता.

"वाजला?" ते म्हणाले.

"ही जाळी पलीकडे पॅनेलमध्ये जमिनीलाच जोडलेली आहे. आता सेन्सरच्या अंगावर लावा."

मीटर पुन्हा वाजला. सेन्सर ब्रॅकेटमध्ये आवळलेला, ब्रॅकेट टर्बाइनला, टर्बाइन जमिनीला. मामांनी तो तीनदा वाजवून पाहिला. मग मी माझा उघडा हात सेन्सरवर ठेवला आणि तसाच ठेवला.

"म्हंजी एका टोकाला जोडलं तरी माणूस वाचतंय?"

"वाचतंय, मामा. हे मी तुम्हाला त्या दिवशीच सांगायला हवं होतं. तुम्ही विचारलं होतं."

त्यांनी बोल्ट पूर्ण काढला, वायर काढली, आणि जाळीच्या टोकाला स्वतः टेप गुंडाळली. अगदी लहान मुलाच्या बोटाला चिंधी बांधावी तशी.

एक काम माझंही होतं. सिग्नल किती मोठा झाला की त्याला दात मानायचं, तो उंबरठा मी फार खाली ठेवला होता. शाफ्ट जेमतेम हलला तरी माझा बोर्ड वेग दाखवतो, अशी फुशारकी मारता यावी म्हणून. त्या फुशारकीचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. मी उंबरठा वर घेतला, आणि एकदा दात मोजल्यावर लाट पुरती खाली उतरल्याशिवाय दुसरा मोजू नये अशी सोयही वाढवली. बारा वाजता वाफ सोडली. डिस्प्लेवर पाचशे दोन. मामांनी बेअरिंगवर हात ठेवला आणि डोळे मिटून मान हलवली. तासाभरानं टर्बाइन पूर्ण वेगाला गेलं आणि तिथेच राहिलं.

शिंगटे साहेबांना कागद हवाच होता. मी ऑफिसातल्या बाकावर बसून लिहिला. बोर्डाच्या रचनेतील दोषामुळे चुकीचे मोजमाप झाले, सर्वस्वी जबाबदारी आमची. खाली सही. मामांनी तो माझ्या खांद्यावरून वाचला.

"माझं नाव कुठं हाय ह्यात?"

"तुमचं नाव कशाला? सतरा दिवस राहिलेत, मामा. कुणाला कळणार नाही."

"कुणाला कळणार न्हाई," ते हळूच म्हणाले, "असं म्हणूनच अठ्ठावीस वर्सं काढली मी. एक खोटा कागद माझ्यापायी झाला, पोरी. आता दुसरा नगं करूस."

मला त्यांना वाचवायचं होतं. खरं तर मला स्वतःला थोर वाटून घ्यायचं होतं, हेही त्यात होतं. त्यांच्याकडे बघितल्यावर कळलं की या माणसाला वाचवणं म्हणजे त्याच्या हातातून पुन्हा काहीतरी काढून घेणं. मी कागद फाडला. दुसरा आम्ही दोघांनी मिळून लिहिला. वर माझं अक्षर: वायरमन श्री. नदाफ यांनी विचारणा केली असता मी उत्तर देणे टाळले, तारेवर सूचनेची चिठ्ठी लावली नाही, उंबरठा चुकीचा ठेवला. खाली त्यांचं, मोठं मोठं, शाळेतल्यासारखं: जाळीची तार मी न सांगता जोडली. चूक माझी आहे. बापूलाल हमजा नदाफ.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "लोक चूक दुसऱ्यावर ढकलतात," ते म्हणाले, "तुम्ही दोघं ती वाटून घेताय." मग चष्मा काढला. "बापूलाल, मला मेमो द्यावा लागेल हं."

"द्या की, साहेब. त्येच्यासाठीच लिवलंय."

टाइप केलेला मेमो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि वरून तळहातानं दाबला. पाच वाजता सुटी झाल्यावर सायकलला टांग मारताना मला म्हणाले, "आज जैतूनकडं जातो. सगळं सांगतो. पुढं तिची मर्जी."

दुसऱ्या दिवशी मोळीपूजन झालं. सनई, पेढे, फेटे, चेअरमनांचं लांबलचक भाषण. टर्बाइन फिरत होतं, आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, यासारखं दुसरं सुख नाही. त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडतात. माझी नजर मात्र मामांना शोधत होती. ते मला मिल हाउसमध्ये सापडले, रसाच्या पंपापासून चार पावलं दूर उभे. पंपासमोर एक हाडकुळी, ताठ बाई होती. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी. नवरा गेल्यापासून या फाटकाच्या आत तिनं पाऊल टाकलं नव्हतं, असं मला नंतर कळलं.

ती पंपाकडे बघत होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"ह्योच?" तिनं विचारलं.

"व्हय."

"आता जोडल्यालं हाय न्हवं?"

"हाय. मी रोज बघतो."

तिनं काखेतलं गाठोडं खाली ठेवलं आणि दोन्ही तळवे पंपाच्या अंगावर टेकवले. पंप चालू होता, तिच्या बांगड्या बारीक किणकिणत होत्या.

"धांदरट म्हणायची मी त्येला," ती पंपालाच सांगितल्यासारखी म्हणाली. "पोरांसमोर म्हणायची."

मामांची मान खाली गेली ती वर येईचना. ती त्यांच्याकडे वळली. मी तिथून निघून जायला हवं होतं, पण गेले नाही.

तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला. मामांचा हात सवयीनं खिशातल्या टेस्ट लॅम्पकडे गेला.

"भावजी," जैतूनबी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्ये."

तिनं खाली बसून फडकं सोडलं. शाळूच्या भाकऱ्या होत्या, वर वांग्याचं भरीत, एक कांदा. तिनं एक भाकरी मोडून अर्धी पुढे धरली.

"बसा. अर्धीच ऱ्हायली हुती तुमची."

मामा फतकल मारून तिथेच बसले, पंपाच्या शेजारी. त्यांनी भाकरी हातात घेतली आणि ते पोरासारखे रडायला लागले. तिनं कांदा फोडून त्यांच्यापुढे सरकवला. बऱ्याच वेळानं त्यांनी पहिला घास मोडला.

मी वाकून त्यांच्या खिशातला टेस्ट लॅम्प आणि मीटर काढून घेतला. त्यांनी वर बघितलं.

"जेवा तुम्ही, मामा," मी म्हणाले. "आजची फेरी मी मारते."